मावशींचे हातमोजे

आमच्या डे-केअर वॉर्डात पेशंट एका औषधाला ‘लाल सलाईन’ म्हणतात. त्याचं नाव डॉक्सोरुबिसिन. स्तनाच्या कर्करोगात, लिम्फोमात ते वर्षानुवर्षं दिलं जातंय. किमोच्या बहुतेक औषधांना रंग नसतो, पाण्यासारखी दिसतात ती. हे मात्र डाळिंबाच्या रसासारखं लालभडक. पांढऱ्या चादरीवर एक थेंब सांडला तरी वॉर्डाच्या दारातून दिसतो.

२००१ साली नर्सिंगचा जीएनएम कोर्स पूर्ण करून मी एका जिल्ह्याच्या गावी खासगी हॉस्पिटलात लागले. वीस खाटांचं हॉस्पिटल. दर गुरुवारी मोठ्या शहरातून कर्करोगाचे डॉक्टर यायचे. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये निदान झालेले, पण दर एकवीस दिवसांनी मुंबईची फेरी न परवडणारे पेशंट त्या दिवशी आमच्याकडे किमो घ्यायचे. अशाच एका गुरुवारी संध्याकाळी वॉर्डातल्या मावशी धावत नर्सिंग स्टेशनवर आल्या. हातात युरीन पॉट, चेहरा पांढराफटक. “सिस्टर, चार नंबरच्या बाईंना रक्त जातंय!”

मी पॉटमध्ये वाकून बघितलं. लघवी लालसर केशरी होती. “मावशी, घाबरू नका. रक्त नाही ते, सकाळच्या औषधाचा रंग आहे.” त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पॉट संडासात ओतला, नळाखाली हातानंच विसळला, ओले हात पदराला पुसले आणि आमच्यासाठी चहा गाळायला गेल्या.

औषधाचा रंग आहे हे मी त्यांना सांगितलं. ते औषध काय करतं हे सांगितलं नाही. पंचवीस वर्षं होत आली, तरी त्यांनी पदराला पुसलेले ते हात मला आठवतात.

मला स्वतःला तरी किती ठाऊक होतं? डॉक्सोरुबिसिन शिरेच्या बाहेर गेलं तर आजूबाजूचं मांस मरतं, जखम महिनोन्‌महिने भरत नाही, हे पाठ होतं. म्हणून ते जाईपर्यंत पेशंटच्या हाताशी डोळ्यांत तेल घालून बसायचे. पण तेच औषध माझ्या बोटांवर, श्वासात, मावशींच्या पदरावर आलं तर काय, हा प्रश्न आम्हाला कुणी विचारायला शिकवला नव्हता. आमचं सगळं शिक्षण पेशंटला जपायचं.

औषध भरायची जागा म्हणजे नर्सिंग स्टेशनचंच टेबल. एका टोकाला केसपेपर, दुसऱ्या टोकाला चहाचा थर्मास, वर पंखा. सायक्लोफॉस्फमाइड हे किमोचं दुसरं औषध पुडीच्या रूपात येतं. पाचशे मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये पंचवीस मिली पाणी घालायचं. ती पूड लवकर विरघळत नाही, म्हणून व्हायल हातात धरून बराच वेळ हलवत बसायचं. जितकं पाणी आत गेलं तितकी हवा आत कोंडलेली असते. मग सुई बाहेर ओढताना ‘फस्स’ असा बारीकसा आवाज येतो. त्या आवाजासोबत औषधाचा फवारा उडतो, डोळ्यांना न दिसणारा. पुढे सिरिंज उभी धरायची, टिचकी मारून बुडबुडा वर आणायचा आणि दट्ट्या दाबून एखादा थेंब हवेत उडवायचा. कॉलेजात प्रत्येक इंजेक्शनसाठी हेच शिकवलेलं. अँटिबायोटिकला चालतं तेच किमोलाही चालवलं. वर पंखा फिरत असायचा. दुपारपर्यंत डोकं जड व्हायचं, तोंडात कडवट चव रेंगाळायची. आम्ही म्हणायचो, आज जेवायला उशीर झाला.

हातमोजे होते, पण मोजून मिळायचे. ड्रेसिंगसाठी, डिलिव्हरीसाठी. औषध भरायला हातमोजे मागितले तर इन्चार्ज सिस्टर म्हणायच्या, “सुई टोचून घेणार आहेस का?” त्यांचीही चूक नव्हती. धोका म्हणजे सुई, रक्त, कावीळ, एचआयव्ही, एवढंच आम्हा सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. बाटलीतल्या औषधाला कोण भिणार? औषध बरं करतं, या विश्वासावर तर आमचा दिवस चालायचा.

२००४ साली माझा पहिला गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला. तो किमोच्या औषधांमुळेच पडला, असं मी म्हणणार नाही. कुणालाच तसं छातीठोक सांगता येणार नाही. गर्भपात अनेक कारणांनी होतात, पुष्कळदा कारण सापडतही नाही. पण आठव्या दिवशी मी कामावर परतले आणि त्याच टेबलाशी, त्याच पंख्याखाली सायक्लोफॉस्फमाइडची व्हायल हलवत उभी राहिले, हे मला आज सहन होत नाही. त्याहून सहन होत नाही ते नंतर कळलेलं. फिनलंडमधल्या सतरा हॉस्पिटलांतल्या नर्सचा अभ्यास १९८५ सालीच छापून आला होता. ज्या नर्सनी गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही औषधं हाताळली, त्यांच्यात गर्भ जाण्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला होता. त्याही आधी, १९७९ साली, फिनलंडच्याच संशोधकांनी ही औषधं भरणाऱ्या नर्सची लघवी तपासली होती आणि तीत जनुकांत बदल घडवणारे अंश असल्याचं दाखवलं होतं. म्हणजे मी शाळेत ‘अ आ इ’ गिरवत होते त्याच्याही आधीपासून हे जगाला ठाऊक होतं. फक्त आमच्या टेबलापर्यंत पोचलं नव्हतं.

पुढे नवऱ्याच्या बदलीमुळे मोठ्या शहरात आलो. नव्या हॉस्पिटलात किमोसाठी वेगळी खोली होती, आत लॅमिनार फ्लो नावाचं चकचकीत यंत्र. मला वाटलं, सुटलो बाई. त्या यंत्रात मागच्या जाळीतून गाळलेली स्वच्छ हवा येते, औषधावरून वाहते आणि पुढे बाहेर पडते. पुढे कोण बसलेलं असतं? आम्ही. औषधात जंतू जाऊ नयेत यासाठी ते यंत्र उत्तम. पण औषधाचा जो काही कण उडेल, तो थेट आमच्या तोंडावर आणून सोडणारं. तीन वर्षं मी त्याच्यासमोर बसले. किमोसाठी लागतं ते वेगळं कपाट. त्यात हवा वरून खाली येते, पुढची काच अर्धी खाली असते आणि आतली दूषित हवा गाळून बाहेर सोडली जाते. बाहेरून दोन्ही यंत्रं सारखीच दिसतात. खरेदी करणाऱ्यांनी औषधाचा विचार केला होता, औषध भरणारीचा केला नव्हता.

डोळे उघडले ते २०१४ साली. मुंबईहून एक ज्येष्ठ फार्मासिस्ट बाई आम्हाला प्रशिक्षण द्यायला आल्या होत्या. त्यांनी व्हायलमध्ये औषधाऐवजी फ्लुरेसिन नावाचा रंग घातलेलं पाणी भरून आणलं होतं. म्हणाल्या, “रोज भरता तसंच भरा. अजिबात जास्त काळजी घेऊ नका.” आम्ही चौघी आणि एक ब्रदर आळीपाळीनं बसलो. व्हायल, सिरिंज, सलाईनची बाटली, सेट जोडला, लेबल चिकटवलं, वहीत नोंद केली. दहा मिनिटांचं काम. मग त्यांनी खोलीतले दिवे घालवले आणि हातातला जांभळा दिवा लावला.

हातमोज्यांची बोटं हिरवट पिवळी चमकत होती. ते अपेक्षित होतं. पण तोच रंग पेनावर होता. वहीच्या पानावर अंगठ्याचा अख्खा ठसा होता. दाराच्या मुठीवर होता. ब्रदरच्या चष्म्याच्या दांडीवर होता, कारण मध्येच त्यानं चष्मा वर सारला होता. माझ्या युनिफॉर्मवर पोटापाशी बारीक बारीक ठिपके होते. मला तर एकही थेंब सांडलेला आठवत नव्हता. खोलीत कुणी बोलेना. शेवटी बाईंनी दिवा खाली नेला. फरशीवर आमच्या चपलांच्या तळव्यांचे हिरवे ठसे उमटले होते, खुर्चीपासून थेट दारापर्यंत.

“ही फरशी कोण पुसतं?” बाईंनी विचारलं.

मावशी पुसतात. उघड्या हातांनी, फिनेलच्या बादलीत फडकं पिळून.

त्या दिवशी दुपारी बाईंनी एक इतिहास सांगितला. २ डिसेंबर १९४३ला इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. बुडालेल्या जहाजांपैकी जॉन हार्वे या अमेरिकी जहाजावर मस्टर्ड वायूचे बॉम्ब होते आणि ती गोष्ट गुप्त ठेवलेली होती. समुद्रात तेलात मिसळलेलं ते विष अंगावर घेऊन शेकडो खलाशी हॉस्पिटलात आले. डॉक्टर-नर्सना कुणी काही सांगितलंच नव्हतं, म्हणून भिजलेल्या कपड्यांवरच ब्लँकेटं गुंडाळून त्यांना झोपवलं गेलं. पुढे कर्नल स्टुअर्ट अलेक्झांडर यांनी शोध घेतला, तेव्हा या विषानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा होतात हे त्यांच्या अहवालात आलं. बारीच्या वर्षभराहून जास्त आधी येल विद्यापीठात याच कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड एका लिम्फोमाच्या पेशंटला गुपचूप दिलं गेलं होतं. आपल्या सायक्लोफॉस्फमाइडची आजी ती. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत सायक्लोफॉस्फमाइड माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात आहे. पेशंटचा त्यातून जीव वाचतो, म्हणून तो तोटा सोसतो, आणि सोसावाच. पण औषध भरणारीला आणि फरशी पुसणारीला त्यातून काहीच मिळायचं नसतं.

मला मात्र त्या गोष्टीतल्या युद्धापेक्षा ती ब्लँकेटं मनाला लागली. सांगितलं असतं तर कुणी ओल्या कपड्यांवर ब्लँकेट गुंडाळलं नसतं.

यानंतर आमच्या विभागात बदल झाले, पण एका रात्रीत नाही. कपाट यायला दोन वर्षं गेली. एरवी आणखीही गेली असती, पण त्याच सुमारास हॉस्पिटलच्या मानांकनाची तपासणी व्हायची होती म्हणून काम हललं. हातमोजे दोन जोड्या, पावडर नसलेले. आतली जोडी गाऊनच्या बाहीखाली, बाहेरची बाहीवर, आणि अर्ध्या तासानं बदलायचे, फाटले नसले तरी. कारण औषध हातमोज्यातून हळूहळू झिरपतं. गाऊन पाठीमागे बांधायचा, पाणी न शोषणारा. सर्जिकल मास्क फवाऱ्याला पुरत नाही हेही तेव्हा कळलं. सलाईनचा सेट आधी साध्या सलाईननं भरायचा, मग औषधाची बाटली जोडायची, म्हणजे हवा काढताना टोकातून औषध ठिबकत नाही. व्हायलमध्ये हवा कोंडू द्यायची नाही, दट्ट्या मागे ओढून आधी हवा काढून घ्यायची. हे सगळं हाताला वळण लागेपर्यंत अवघड, मग सवयीचं होतं. माझ्या हाताखालच्या मुली आता ‘फस्स’ आवाज आला की एकमेकींकडे बघतात.

नर्सचं असं मार्गी लागलं. मावशींचं लागलं नाही.

आमच्या मावशी हॉस्पिटलच्या नोकर नाहीत, ठेकेदाराच्या आहेत. मी हातमोज्यांची मागणी दिली. स्टोअरमधून उत्तर आलं, सफाई कामगारांचं साहित्य ठेकेदार देतो. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, करारात फिनेल, झाडू, मॉप आहे, किमोचे हातमोजे नाहीत. वास्तविक २०१६चे जैववैद्यकीय कचरा नियम स्पष्ट सांगतात की रुग्णालयानं आपल्या कामगारांना प्रशिक्षण द्यायचं आणि पुरेशी संरक्षक साधनं द्यायची. याच नियमांत किमोच्या रिकाम्या व्हायली, सेट वेगळी खूण असलेल्या पिवळ्या पिशवीत टाकायला आणि १,२०० अंशांहून जास्त तापमानाला जाळायला सांगितलंय. पिशवी आमच्याकडे पिवळीच असते, खूणही असते. ती उचलणारा हात उघडा असतो. सात महिने मी तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेला. तोवर आमच्या खोक्यातले हातमोजे मावशींना देत राहिले आणि वापर जास्त का होतो म्हणून लेखी उत्तरंही दिली.

मग हातमोजे आले, आणि मावशी ते घालेनात.

मला राग आला. एवढं भांडून आणले, आणि या खिशात ठेवतात! एकदा विचारलंच. मावशी म्हणाल्या, “सिस्टर, हातमोजे घालून पॉट उचलला की पेशंटचं तोंड उतरतं. त्याला वाटतं, मावशीला माझी किळस येते. आधीच घरची माणसं ताट वेगळं करतात.”

मी गप्प झाले. किमोच्या नियमावल्या आम्ही इतक्या वाचल्या, पण हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. कर्करोग स्पर्शानं पसरत नाही, हे आम्ही पेशंटच्या घरच्यांना घसा कोरडा करून सांगत असतो. त्याच वॉर्डात मावशी हातमोजे चढवून आल्या की पेशंट त्याचा अर्थ नेमका उलटा लावणार. मावशींनी बावीस वर्षांत जे ओळखलं होतं ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तेव्हापासून पहिल्या किमोच्या दिवशी मी पेशंटशी आणि नातेवाइकांशी बसून बोलते. मावशींनाही शेजारी बसवते. सांगते की हे हातमोजे तुमच्या आजारासाठी नाहीत, औषधासाठी आहेत. तुमच्या अंगात आज जे औषध गेलं, ते पुढचे दोन दिवस लघवीतून, संडासातून, उलटीतून, घामातून थोडं थोडं बाहेर येत राहील. तुम्हाला त्याची गरज आहे, मावशींना नाही. घरीही असंच. दोन दिवस लघवी, उलटी साफ करताना हातमोजे घाला, भिजलेले कपडे वेगळे धुवा, संडासाचं झाकण लावून दोनदा पाणी टाका. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिनं करायचं नाही. पण एका ताटात जेवा, जवळ बसा, डोक्यावरून हात फिरवा, नातवंडाला मांडीवर घ्या. एका आजोबांनी हे ऐकून मावशींकडे बघितलं आणि म्हणाले, “मग घाला की बाई, घाला.” त्या दिवसापासून मावशींचे हातमोजे खिशात राहिले नाहीत.

गोळ्यांचंही सांगायला लागते. किमो म्हणजे सलाईनच, अशी लोकांची समजूत. पण मेथोट्रेक्सेटची, कॅपेसिटाबिनची गोळी गिळता येत नाही म्हणून सून खलबत्त्यात कुटते, आणि त्याच खलबत्त्यात संध्याकाळी लसूण ठेचते. अशा गोळ्या घरी कधीच कुटू नयेत. गिळवत नसेल तर डॉक्टरांना विचारावं.

मागच्या वर्षी आमच्यातली एक नवी सिस्टर माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, “ताई, दिवस गेलेत. पण कुणाला सांगू नका, तीन महिने झाल्याशिवाय सांगत नाहीत ना.” मी म्हटलं, “तुला जपायचे महिने हेच आहेत.” त्याच दिवशी तिला औषध भरायच्या खोलीतून काढून ओपीडीच्या नोंदणीला बसवलं. कारण विचारणाऱ्यांना सांगितलं, नोंदणीला माणूस कमी आहे. आता आमच्याकडे नियमच आहे. मूल हवं असेल, दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, तर किमोच्या खोलीत ड्युटी लावायची नाही आणि त्यासाठी रजा, पगार, बढती यात काही कापायचं नाही. ब्रदर लोकांनाही मूल हवं असेल तर हाच नियम. हे लिहून घ्यायला मला चार बैठका लागल्या. मावशींच्या ठेक्यात तो अजून लिहिलेला नाही. त्यांच्यातल्या तरुण मुलींना आम्ही आपसांत सांभाळून घेतो. हे असं आपसांत राहू नये.

हे सगळं आत्ता लिहायला बसले त्याला कारण आहे. केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रं काढायचं जाहीर झालंय, त्यातली दोनशे पहिल्याच वर्षी. मला याचा मनापासून आनंद आहे. चार नंबरच्या त्या बाईंसारख्या कितीतरी जणींचा मुंबईचा फेरा वाचेल. पण प्रत्येक केंद्रासोबत व्हायली येतील, पॉट येतील, पुसायची फरशी येईल, आणि ते सगळं हाताळायला २००१ साली मी होते तशी एखादी बावीस वर्षांची मुलगी आणि त्या मावशींसारख्या मावशी येतील. उद्घाटनाच्या आधी औषधाचं कपाट यावं, हातमोज्यांचे खोके यावेत, आणि तो जांभळा दिवा घेऊन कुणीतरी तिथं एक दिवस जावं. ठेक्याच्या करारात फिनेलच्या खाली आणखी एक ओळ घालायला पैसे फार लागत नाहीत.

तुमच्या जिल्ह्यात असं केंद्र सुरू झालं आणि घरच्या कुणाला घेऊन तिथं जायची वेळ आली, तर पॉट घेऊन जाणाऱ्या मावशींच्या हातांकडे एकदा बघा. हातमोजे नसतील तर इन्चार्ज सिस्टरला विचारा, नाहीतर थेट साहेबांना विचारा. आम्ही आतून मागतो तेव्हा ‘बघू’ म्हणतात. पेशंटच्या नातेवाइकानं विचारलं की आठवड्याच्या आत खोका येतो. हे मी दोनदा पाहिलंय.